लेखांक ६ : फिनाले थांबले, स्कोअर कसे वाचले?

२६ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेतल्या मेकम्युझिक कंपनीने जाहीर केले की फिनाले या नोटेशन-प्रोग्रामचे काम आता बंद होत आहे. १९८८ साली आलेला हा प्रोग्राम पस्तीस वर्षे पाश्चात्त्य संगीतलेखनाच्या धंद्यात पहिल्या दोन-तिघांत मोजला जात होता. वाद्यवृंदांचे स्कोअर, चर्चची समूहगाने, शाळांच्या बँडसाठीच्या रचना असे किती तरी काम त्यात साठले होते. इतक्या वर्षांत थरावर थर चढलेला लाखो ओळींचा कोड नव्या संगणक-प्रणालींवर चालता ठेवणे अवघड झाले, हे कंपनीचे कारण पटण्यासारखे आहे. पण त्याच घोषणेत आणखी एक गोष्ट होती: वर्षभरानंतर नव्या संगणकावर फिनाले अधिकृत करून घेता येणार नाही. वापरणाऱ्यांत एवढा संताप उसळला की दुसऱ्याच दिवशी कंपनीने ही अट मागे घेतली. तरीही जे दिसायचे ते दिसून गेले. संगीत संगीतकाराचे, प्रोग्राम त्याने पैसे मोजून घेतलेला, आणि तरी ते संगीत उघडायचे की नाही हे मात्र दूरच्या एका सर्व्हरच्या परवानगीवर ठरणार.

मागच्या लेखात जुन्या मराठी फॉन्टांत अडकलेल्या मजकुराचा प्रश्न पाहिला. फॉन्ट गेला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात, हा अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे. संगीताच्या फाइलचा पेच त्याहून खोल आहे. फिनालेची अलीकडची मूळ फाइल म्हणजे बांधून ठेवलेला गठ्ठा, आणि त्यातला स्कोअरचा मुख्य भाग बाहेरच्याला सरळ वाचता येणार नाही अशा रूपात लिहिलेला. घोषणा झाली त्या वेळी डोरिको, सिबेलियस, म्यूझस्कोर या दुसऱ्या नोटेशन-प्रोग्रामांपैकी कोणालाही ही फाइल थेट उघडता येत नव्हती. लोकांना सल्ला मिळाला तो एकच: फिनाले चालते आहे तोवर त्यातूनच आपल्या फाइली म्युझिकएक्सएमएल या खुल्या स्वरूपात काढून घ्या. माझे म्हणणे या सल्ल्यापासूनच सुरू होते. नोटेशनच्या प्रोग्रामचे आयुष्य कंपनीच्या हातात असते आणि ते कधी ना कधी संपते. संगीताचे आयुष्य त्याला बांधून ठेवायचे नसेल, तर सुरांचा अर्थ प्रोग्रामच्या बाहेर, सर्वांना वाचता येईल अशा रूपात ठेवावाच लागतो, आणि तोही प्रोग्राम जिवंत असतानाच.

यात ‘अर्थ’ या शब्दावर माझा भर आहे, कारण नुसती फाइल उघडणे पुरेसे नसते. १९८३ सालापासून वापरात असलेले मिडी पाहा. ते जवळपास प्रत्येक यंत्राला कळते, पण त्यात नोंद होते ती कोणती पट्टी किती वेळ आणि किती जोरात दाबली याची. एफ शार्प आणि जी फ्लॅट या दोन्ही स्वरांना मिडीत एकच आकडा आहे: मधल्या सप्तकात ६६. सी हा षड्ज धरला तर ही पट्टी तीव्र मध्यमाची. कोमल पंचम असे नाव आपल्याकडे कोणी घेणार नाही, कारण एकाच पट्टीला कोणत्या स्वराचे नाव द्यायचे हे रागाच्या व्याकरणावर ठरते. पाश्चात्त्य लेखनातही तसेच आहे. पट्टी एक असली तरी पाच ओळींवर हे दोन स्वर वेगवेगळ्या जागी लिहिले जातात. मिडीत हा फरक पुसला जातो. म्युझिकएक्सएमएलमध्ये मात्र स्वराचे नाव, तो किती चढवला वा उतरवला, सप्तक, कालावधी आणि कागदावर दिसणारे चिन्ह या साऱ्याची वेगवेगळी नोंद असते, आणि तीही साध्या मजकुरात. आणखी पन्नास वर्षांनी यातले एकही सॉफ्टवेअर उरले नाही, तरी ती फाइल कोणत्याही संपादकात उघडून चिकाटीचा माणूस सूर परत लिहून काढू शकेल.

याच्या उलट उदाहरण स्कोअर नावाच्याच प्रोग्रामचे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगीतकार लीलंड स्मिथ यांनी १९७० च्या दशकापासून तो घडवला. त्याच्या पानांची छपाई इतकी देखणी की नामांकित प्रकाशक वर्षानुवर्षे त्याला धरून राहिले. २०१३ साली स्मिथ वारले. प्रोग्रामचा सारा भार एका माणसावर होता, तो माणूस गेला. त्या फाइलींतले आकडे वाचता येतात, पण ते मुख्यतः जागेचे आकडे आहेत: हे चिन्ह कुठल्या ओळसंचावर, डावीकडून किती अंतरावर, किती उंचीवर. स्वर कोणता, हे त्या उंचीवरून आणि सुरुवातीच्या चिन्हावरून ताडावे लागते. म्हणजे वाचता येणारी फाइलसुद्धा अर्थाच्या बाबतीत तोकडी असू शकते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप ऐतिहासिक आहे आणि वजनदार आहे: खुली स्वरूपे याआधीही आली आणि विरून गेली, मग यावर भरवसा का ठेवायचा? आक्षेपातली माहिती खरी आहे. एसएमडीएल नावाचे स्वरूप आंतरराष्ट्रीय मानक होण्याइतके तपशिलात आखले गेले, पण रोजच्या कामात ते कोणी वापरलेच नाही. १९९५ च्या सुमारास आलेल्या निफचीही तीच गत झाली. मायकेल गुड यांनी २००० साली रेकॉर्डेर ही छोटी कंपनी काढून म्युझिकएक्सएमएल घडवले, तेव्हा त्यांनी वाट वेगळी धरली. संशोधकांच्या म्यूझडेटा आणि हमड्रम या आधीच्या स्वरूपांवर पाया घातला, वापरासाठी मोबदला मागितला नाही, आणि लोक ज्यात खरोखर काम करत होते अशा प्रोग्रामांत, सर्वांत आधी फिनालेत, ते नेऊन बसवले. पहिली आवृत्ती २००४ ची. आज दोनशेहून अधिक प्रोग्राम ते वाचतात वा लिहितात. टिकाऊपणाचे गमक मला इथे दिसते. नियमावली जाहीर असणे आवश्यकच, पण एकमेकांशी स्पर्धा करणारे बरेच प्रोग्राम तेच स्वरूप समजतात, म्हणून कोण्या एकाच्या मरणाने ते मरत नाही. यात एक योग असा की २०११ साली मेकम्युझिकनेच हे स्वरूप विकत घेतले होते आणि २०१५ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या समूहाकडे सोपवले. २०२४ साली फिनालेचे गिऱ्हाईक बाहेर पडले ते या वाटेने. हे स्वरूप सोपवण्याचे श्रेय या कंपनीला द्यायलाच हवे.

दुसरा आक्षेप छापखान्यातल्या माणसाचा: म्युझिकएक्सएमएलमधून नेलेले पान जसेच्या तसे येत नाही. हे मान्य. सूर आणि ताल बहुधा नीट पोचतात. पण हाताने बसवलेली अंतरे, पान उलटण्याच्या सोयीने तोडलेल्या ओळी, आधुनिक रचनाकारांची खास चिन्हे यांची पडझड होते आणि मोठा स्कोअर पुन्हा सावरायला दिवसचे दिवस जातात. पण यावर उपाय बंद फाइल नव्हे. मांडणीचा पुरावा म्हणून पीडीएफ, अर्थासाठी म्युझिकएक्सएमएल आणि रोजच्या कामासाठी मूळ फाइल, असे तिन्ही ठेवणे हा उपाय. नुसत्या पीडीएफवर भागवू म्हणणाऱ्यांनी एवढेच आठवावे की गायकाने अर्धा स्वर खाली मागितला, तर पीडीएफमधले पान हलत नाही.

तिसरा आक्षेप असा की नव्या कल्पना कंपन्याच आणतात आणि त्यांना स्वतःचे स्वरूप हवेच. जरूर असावे. पण सिबेलियसची हकिकत पाहा. बेन आणि जोनाथन फिन या भावांचा हा प्रोग्राम २००६ साली ॲव्हिडने घेतला, आणि २०१२ मध्ये ज्या लंडनच्या कचेरीत तो घडत होता ती बंद केली. तिथल्या मंडळींना स्टाइनबर्गने कामावर घेतले, आणि २०१६ साली त्यांच्या हातून डोरिको आला. सिबेलियसची फाइल आतून ज्यांना सर्वांत जास्त माहीत, त्यांच्याच नव्या प्रोग्रामला ती थेट उघडता येत नाही. सिबेलियसमधून यायचे तर म्युझिकएक्सएमएलनेच. बंद स्वरूपात निर्मात्याचे ज्ञानही निर्मात्याबरोबर प्रवास करू शकत नाही, याहून स्पष्ट दाखला मला सापडलेला नाही.

खुलेपणालाही देखभाल लागते, हे कबूल करायला हवे. १९९६ पासून चालत आलेल्या लिलीपॉन्डमध्ये सगळे संगीत साध्या मजकुरात लिहायचे असते आणि प्रोग्रामचा कोडही खुला आहे. तरी त्याची भाषा बदलत जाते. म्हणून प्रत्येक फाइलच्या माथ्यावर आवृत्तीचा आकडा लिहायची रीत पडली आणि जुनी फाइल नव्या भाषेत आणणारे साधन सोबत देण्यात आले. बदल लपवला जात नाही, नोंदवला जातो, आणि म्हणून जुने लेखन मागे पडत नाही.

आपल्याकडे स्टाफ नोटेशनची परंपरा गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून आली आणि तिथे शिकलेले सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे वादक-संयोजक मुंबईच्या चित्रपटसंगीतात ती घेऊन आले. आज ज्यांच्याकडे असे लेखन आहे, त्यांना वर सांगितलेली वाट सरळ चालता येईल. भातखंडे किंवा पलुसकर पद्धतीच्या स्वरलिपीचे तसे नाही. म्युझिकएक्सएमएल पाश्चात्त्य लेखनासाठीच आखलेले आहे. सूर त्यात बसवता येतील, पण समेची, कालाची, टाळ्यांची खूण ठेवायला वेगळे घर नाही, आणि सा कोणत्या पट्टीवर आहे हे न ठरवता लिहायची आपली सोय त्यात हरवते. स्वरलिपीची किती तरी पुस्तके अजून खास फॉन्टांतच जुळवलेली आहेत, म्हणजे चिन्हांचे चित्र आहे, अर्थाची नोंद नाही. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, माथ्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र, खाली टिंब म्हणजे मंद्र, वर टिंब म्हणजे तार, एवढ्या थोड्या खुणांवर उभी असलेली भातखंडे पद्धत साध्या मजकुरात नोंदवणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच कठीण नाही. कठीण आहे ते एकच नियमावली ठरवून ती दोन-चार वेगळ्या प्रोग्रामांकडून पाळून घेणे. त्यासाठी संगीत शिकवणाऱ्या संस्था, पुस्तकांचे प्रकाशक आणि प्रोग्राम लिहिणारे यांना एका टेबलाशी बसावे लागेल. नियमावलीत काय काय असावे, मींड आणि कणस्वर कसे लिहावेत, हा पुढच्या लेखाचा विषय.