इटालियन ‘कोंजुन्तिवो’ : समज आणि वस्तुस्थिती

इटालियन व्याकरणात स्वार्थाखेरीज (म्हणजे साधं विधान करणाऱ्या रूपाखेरीज) क्रियापदाचा ‘कोंजुन्तिवो’ नावाचा आणखी एक अर्थ आहे. त्याला चार काळ आहेत आणि गैरसमज त्याहून अधिक.

सर्वांत घट्ट बसलेला समज असा, की जिथे शंका तिथे कोंजुन्तिवो. ‘क्रेदो के सीआ मालातो’ (तो आजारी आहे असं मला वाटतं) या वाक्यापुरता तो खरा ठरतो. ‘सीआ’ हे ‘असणे’चं कोंजुन्तिवो रूप. पण ‘बेंके प्योवा, एस्को’ म्हणजे पाऊस पडत असूनही मी बाहेर पडतो. पाऊस डोळ्यांसमोर कोसळतोय, शंका कसलीच नाही, तरी ‘प्योवा’ हे रूप कोंजुन्तिवोचंच. उलट ‘फोर्से ए मालातो’मध्ये ‘फोर्से’चा अर्थच ‘कदाचित’, आणि क्रियापद मात्र साध्या स्वार्थात. ‘सेकोंदो मे’ (माझ्या मते) यानंतरही स्वार्थच येतो. रूप बहुतेकदा ठरतं ते आधीच्या शब्दावरून. बोलणाऱ्याची खात्री मोजून नव्हे. ‘बेंके’ कोंजुन्तिवो मागतं, ‘फोर्से’ मागत नाही.

‘के’ (की) दिसलं की कोंजुन्तिवो, हाही असाच सोपा आणि फसवा नियम. ‘सो के ए मालातो’ (तो आजारी आहे हे मला माहीत आहे) यात ‘के’ आहे, कोंजुन्तिवो नाही. शिवाय दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असेल तर ‘के’सुद्धा सहसा गळतं : माझं बरोबर आहे असं मला वाटतं, हे ‘क्रेदो दी आवेरे राजोने’ असं सांगतात.

‘से’ म्हणजे ‘जर’. ‘से प्योवे, रेस्तो आ कासा’ (पाऊस पडला तर मी घरी राहतो) ही खुली शक्यता, म्हणून दोन्हीकडे स्वार्थ. ‘से प्योवेस्से, रेस्तेरेई आ कासा’ (पाऊस पडत असता तर मी घरी राहिलो असतो) ही कल्पना. त्यात ‘से’च्या बाजूला कोंजुन्तिवो आणि दुसरीकडे वेगळंच संकेतार्थी रूप. मराठीत ‘पैसे असते तर घर घेतलं असतं’ असं दोन्हीकडे ‘असतं’ चालतं, त्यामुळे मराठी विद्यार्थी ‘से’नंतरही संकेतार्थी रूप वापरून चुकण्याची शक्यता बरीच.

कोंजुन्तिवो मरणपंथाला लागल्याची हाकाटी इटलीतही होते. बोलण्यात ‘पेन्सो के ए’ (मला वाटतं की आहे), म्हणजे ‘सीआ’ऐवजी स्वार्थातलं ‘ए’, सर्रास ऐकू येतं हे खरं, पण अशी मोकळीक आजची नाही. मान्झोनीच्या ‘ई प्रोमेस्सी स्पोझी’ या एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीतही ‘से’नंतर स्वार्थातला अपूर्ण भूतकाळ सापडतो.

कोंजुन्तिवो केवळ पुस्तकी आहे, हेही खरं नाही. परक्या माणसाला आदराने म्हटलेलं ‘सेंता’ (ऐका), ‘वेंगा’ (या), ‘स्कूझी’ (माफ करा) ही सगळी कोंजुन्तिवोचीच रूपं. ‘-आरे’ गटातल्या क्रियापदांना शेवटी ‘ई’ लागते, बाकीच्यांना ‘आ’. ‘आंदारे’ (जाणे) हे दिसतं पहिल्या गटातलं, पण त्याचं रूप ‘वादा’ होतं; नियम ताणून ‘वादी’ म्हटलं की हसू होतं. पाओलो विलाज्जोने 1975 पासून पडद्यावर रंगवलेला फान्तोत्सी हा हिशेबनीस अशाच चुकांसाठी इटलीभर ओळखला जातो.