परतीच्या मालाची कैफियत

यंत्रमागांच्या खडखडाटाने जिची ओळख होत आली, त्या भिवंडीच्या आसपास आता गोदामांच्या लांबच लांब रांगा उभ्या आहेत. आणि त्यांपैकी एका गोदामात, घरबसल्या मागवलेला आणि मग नापसंत ठरलेला माल जिथे तपासला जातो, त्या टेबलापाशी बसण्याची परवानगी मला मिळाली.

काम वरकरणी साधे. पार्सल उचलायचे, बारकोड यंत्रासमोर धरायचा, पडद्यावर उमटलेले परतीचे कारण वाचायचे, कटरने टेप कापायची आणि गिऱ्हाइकाची तक्रार व प्रत्यक्ष वस्तू यांची रुजवात घालायची. कुर्त्याचा टॅग शाबूत आहे काय, काखेत घामाचा डाग वा अत्तराचा वास राहिला आहे काय, बुटाच्या तळव्याला रस्त्याची माती लागली आहे काय, हे क्षणभरात पाहून तपासणारी बाई निवाडा देते: निर्दोष वस्तू पुन्हा विक्रीच्या मांडणीवर, किरकोळ दोषाची दुरुस्तीकडे, आणि उरलेली लॉटमध्ये, मिळेल त्या भावाने. गिऱ्हाइकाने दारातच नाकारलेला माल ‘आरटीओ’ (रिटर्न टू ओरिजिन, म्हणजे मूळ ठिकाणी परत) म्हणून निराळ्या जाळीत पडतो; त्याचा हिशेब वेगळा.

माझ्यासमोर उघडलेल्या पार्सलांत फाटकी-मोडकी वस्तू क्वचितच निघाली. ‘फोटोसारखा रंग नाही’, ‘कापड पातळ आहे’, ‘साइज लहान’, अशीच कारणे पडद्यावर एकामागून एक येत होती आणि वस्तू मात्र कारखान्यातून निघाली तशीच धडधाकट होती. “नवा माल लागला आणि खाली पाच-सहा जणांनी भरभरून तारीफ लिहिली, की थोड्याच दिवसांत आमचं टेबल भरतं, सर,” तपासणीवरची बाई घडी घालता घालता म्हणाली, “ज्याच्या खाली ‘एक साइज मोठी घ्या’ असं कुणी लिहिलेलं असतं, तो एवढा परत येत नाही.”

तिच्या ह्या अनुभवसिद्ध निष्कर्षाला शास्त्राचाही दाखला आहे. ग्रोनिंगेन विद्यापीठातील अलेक मिनेमा आणि त्यांचे सहकारी यांनी विजेची उपकरणे व फर्निचर विकणाऱ्या एका युरोपीय ऑनलाइन दुकानाच्या व्यवहारांचा अभ्यास २०१६ साली ‘जर्नल ऑफ रिटेलिंग’मध्ये प्रसिद्ध केला; एखाद्या वस्तूविषयीचे अभिप्राय तिच्या दीर्घकालीन सरासरीहून अधिक अनुकूल असतात तेव्हा तिची विक्री वाढते, परंतु त्याबरोबर ती परत येण्याची शक्यताही वाढते, असे त्यांना आढळले. कारण उघड आहे. अभिप्राय मोजके असतात तेव्हा दोन-चार उत्साही माणसांचा आनंद संपूर्ण गिऱ्हाइकवर्गाची साक्ष म्हणून मान्य होतो, त्यावर अपेक्षेचा इमला चढतो, आणि पार्सल उघडताच, वस्तू वाईट नसून केवळ सामान्य असली तरी, तो ढासळतो.

कायद्याने ह्या प्रकरणी काही बंदोबस्त केला आहे. २०२० च्या ई-वाणिज्यविषयक नियमांनुसार विक्रेत्याला ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिण्याची मनाई आहे, आणि जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्याचे तो नाकारू शकत नाही. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ‘आयएस १९०००’ हे मानक काढून अभिप्राय कसे गोळा करावे, कसे पारखावे आणि कसे प्रसिद्ध करावे, याचीही रीत घालून दिली. तथापि खोटी नसलेली, केवळ भाबडी अशी स्तुती कोणत्याही कलमात सापडत नाही. ‘एकदम मस्त, डोळे झाकून घ्या’ असे प्रामाणिकपणे लिहिणारा मनुष्य गुन्हेगार नसतो, पण उंची, माप, कापडाचा पोत, धुतल्यावरचा रंग यांविषयी अवाक्षर न काढता तो इतरांना ज्या वस्तूची शिफारस करतो, ती कित्येकांच्या अंगाला बसत नाही.

म्हणून विक्रेता ज्या तीन ताऱ्यांच्या, कुरकुरत्या पण तपशीलवार अभिप्रायाला घाबरतो, तोच वास्तविक त्याचा हितचिंतक होय. तो एखादे गिऱ्हाईक परतवील हे खरे. परंतु न झालेल्या विक्रीला भाडे पडत नाही, आणि परत आलेल्या कुर्त्याला जाण्याचे व येण्याचे, दोन्ही खेपांचे भाडे, तपासणीची मजुरी आणि उतरलेली किंमत, एवढे सगळे विक्रेत्याच्या खात्यावर पडते.