जीएची द्राक्षं आणि पाळीच्या गोळ्या

महाळुंग्याहून चाकणला येऊन नाशिक रस्त्याला लागलं की पुढे नारायणगाव-जुन्नरच्या द्राक्षबागा. मणी बाजरीएवढे, मग ज्वारीएवढे झाले की बागायतदार ‘जीए’च्या द्रावणात घड बुडवतात. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल, वनस्पतीचं संप्रेरक. प्रमाण साधारण ४० पीपीएम, म्हणजे लिटरमागे अवघे ४० मिलिग्रॅम! एरवी मणी फुगवण्याचा हुकूम आतली बी देते. थॉमसन सीडलेसच्या मण्यात बी नीट वाढत नाही, म्हणून तो हुकूम बाहेरून द्यायचा. भाताची रोपं अतोनात उंच करणाऱ्या बुरशीच्या स्रावात या द्रव्याचा माग जपानच्या कुरोसावा यांनी १९२६ साली काढला.

माणसातही गर्भ स्वतःच निरोप धाडतो. मासिक चक्राच्या मध्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येणारं एलएच हे संप्रेरक एकदम वाढतं आणि सुमारे दीड दिवसात स्त्रीबीज सुटतं. मागे उरलेल्या पुटकातून प्रोजेस्टेरॉन पाझरतं, त्यावर गर्भाशयाचं अस्तर टिकतं. गर्भ रुजला तर तो एचसीजी हे संप्रेरक सोडून त्या पुटकाला हे काम चालू ठेवायला लावतो. नाहीतर पाळी येते. आशाताईंकडच्या ‘निश्चय’ या गर्भचाचणी किटवरची दुसरी रेघ याच एचसीजीची.

जीएच्या द्राक्षांनी पाळी बिघडेल, असं कुणाला वाटत असेल तर ते बिनबुडाचं आहे. जीए ओळखणारी यंत्रणाच आपल्या पेशींत नाही. काळजी घ्यायची ती पूजेसाठी पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्यांची. त्या प्रोजेस्टेरॉनसारख्याच काम करतात, आणि पूर्वी रक्तात गुठळी झालेल्या बाईला घातक ठरू शकतात. मेडिकलमधून परस्पर आणू नका, आधी डॉक्टरांना विचारा.