कधीच न वळणारी बोट

ओळखा पाहू! पुढून बघा, मागून बघा, दिसते एकसारखीच. दिवसभर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे धावते, पण तोंड काही फिरवत नाही. कोण?

"लोकल!" असं मुंबईची मुलं एका सुरात ओरडतील. शाबास! लोकलच्या दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असते, म्हणून पनवेलला पोचलेली गाडी न वळताच परत निघते. पण आपल्या कोड्याचं उत्तर रुळांवर नाही, पाण्यावर आहे. ती आहे हाँगकाँगची स्टार फेरी: हिरव्या-पांढऱ्या रंगाची, दुमजली, छोटीशी प्रवासी बोट.

हाँगकाँगमध्ये एका बाजूला आहे हाँगकाँग बेट आणि समोर कौलून. मध्ये आहे व्हिक्टोरिया बंदराची खाडी. आज हे पाणी ओलांडायला बोटीला जेमतेम दहा मिनिटं लागतात. दीडशे वर्षांपूर्वी मात्र माणसं वल्ह्याच्या होड्यांमधून पलीकडे जात. त्या होड्यांना तिकडे साम्पान म्हणतात. वारा सुटला, लाटा उसळल्या की बसा काठावर!

आता गंमत ऐका. या बोटीची गोष्ट सुरू होते आपल्या मुंबईपासून. दोराबजी नौरोजी मिठाईवाला नावाचे एक पारशी गृहस्थ १८५२ साली मुंबईहून हाँगकाँगला गेले. जहाजात लपूनछपून गेले, असं सांगतात! तिथे त्यांनी स्वयंपाक्याचं काम केलं, पुढे पावाच्या धंद्यात जम बसवला. पाव खाडीपलीकडे पोचवायचे तर बोट हवीच. मग पावाबरोबर माणसंही जाऊ लागली. १८८८ साली दोराबजींनी कौलून फेरी कंपनी काढली. त्यांच्या बोटी वाफेच्या होत्या. दर चाळीस मिनिटांनी ते तासाभराने एक फेरी होई, आणि सोमवारी व शुक्रवारी सगळं बंद. का? बोटीत कोळसा भरायचा असायचा ना!

बोटींची नावं होती मॉर्निंग स्टार, इव्हनिंग स्टार, रायझिंग स्टार आणि गायडिंग स्टार. प्रत्येकीत शंभर माणसं मावत. १८९८ मध्ये कंपनीचंच नाव स्टार फेरी झालं. बोटी जुन्या होऊन मोडीत निघाल्या, तरी नावं मात्र नव्या बोटींना मिळत राहिली. १९६५ साली बांधलेल्या एका बोटीचं नावसुद्धा मॉर्निंग स्टारच आहे.

आता वळूया न वळण्याकडे. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचचा विचार करा. तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, निमुळती असते. पंखा आणि सुकाणू मागच्या बाजूला असतात. धक्क्यावरून निघाली की तिला तोंड फिरवून रस्ता धरावा लागतो. रेवसचा प्रवास लांबचा, तेव्हा वळण्यात दोन-चार मिनिटं गेली तर काय बिघडलं? पण दहा मिनिटांच्या प्रवासात दर वेळी असं वळत बसलं तर? जरा हिशोब करू. समजा, एक बोट दिवसात ४० वेळा खाडी ओलांडते आणि दर वेळी वळायला २ मिनिटं घालवते. झाली की नाही ८० मिनिटं वाया? तेवढ्यात तिची आणखी आठ वेळा खाडी पार करून झाली असती. शिवाय जहाजं, बार्जेस आणि होड्यांनी गजबजलेल्या बंदरात वळायला जागा तरी कुठे आहे?

म्हणून स्टार फेरीला दोन नाळा आहेत, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. पंखे दोन्हीकडे, सुकाणू दोन्हीकडे आणि बोट चालवायची केबिनही दोन्हीकडे. जाताना जे पुढचं टोक असतं, ते येताना मागचं होतं. अशा बोटींवर मागचं सुकाणू काम करतं आणि पुढचं सरळ अडकवून ठेवतात. नाही तर समोरून येणारं पाणी त्याला ढकलून बोट भलतीकडेच नेईल.

आणि बाकं? दिशा बदलली की प्रवासी उलटे बसायचे का? छे! बाकाची पाठ हलती असते. धरायची आणि खटकन पलीकडे ढकलायची, की झालात तुम्ही पुन्हा समोर तोंड करून! बोटीत शिरल्या शिरल्या मुलांचं पहिलं काम हेच असतं.

आता एक अवघड प्रश्न. बोट थांबते कशी? सायकलला ब्रेक असतो, तो चाकाला घासतो आणि चाक थांबतं. पाण्यात घासणार कशाला? इंजिन बंद केलं तरी बोट पुढे सरकतच राहते. त्यासाठी पंखा उलटा फिरवतात. सरळ फिरणारा पंखा पाणी मागे ढकलतो, म्हणून बोट पुढे जाते. तोच उलटा फिरला की पाणी पुढे ढकलतो आणि बोट मागे रेटली जाते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. असा उलटा जोर देत देत बोट धक्क्याला लागते. मग खलाशी जाड दोर फेकतो. धक्क्यावरचा माणूस लांब दांड्याच्या आकडीने तो पकडतो आणि लोखंडी खुंट्याला गुंडाळतो. फळी खाली येते, माणसं उतरतात.

पंखा दिवसभर असा सुलट-उलट फिरवायचा म्हणजे इंजिनाला त्रासच. त्यावर १९३३ साली एक छान उपाय निघाला. इलेक्ट्रिक स्टार नावाची नवी बोट आली. तिच्यातलं डिझेल इंजिन पंख्याला जोडलेलंच नव्हतं. ते जनित्र फिरवून वीज तयार करी, त्या विजेवर मोटर चाले आणि मोटर पंखा फिरवी. असं केल्याने इंजिन आपलं एकाच दिशेने फिरत राहतं, उलटी फिरते ती फक्त मोटर. मोटरला उलटं फिरवणं किती सोपं असतं ते स्वतःच बघा. मोडक्या खेळण्यातली छोटी मोटर घ्या आणि तिच्या दोन तारा पेन्सिल सेलच्या दोन टोकांना लावा. मग तारांची अदलाबदल करा. फिरली ना उलटी?

या इवल्याशा बोटींनी पुढे मोठी संकटंही पाहिली. डिसेंबर १९४१ मध्ये जपानने हाँगकाँगवर हल्ला केला, तेव्हा कौलूनमधून माघार घेणाऱ्या सैनिकांना त्यांनीच बेटावर आणलं. नंतर जपानी अमलात फेरी बंद पडली. युद्धात इलेक्ट्रिक स्टार बंदरातच बुडाली आणि गोल्डन स्टार नावाची दुसरी बोट अमेरिकी बॉम्बहल्ल्यात बुडाली. युद्ध संपल्यावर बुडालेल्या बोटी वर काढून पुन्हा कामाला लावल्या. १९६६ मध्ये तर तिकीट फक्त पाच सेंटने वाढणार म्हणून एका तरुणाने उपोषण केलं, आणि शहरात निदर्शनं नि दंगली झाल्या. रोज कामावर जाणाऱ्या माणसाला पाच सेंटही जास्त वाटत होते.

मग १९७२ साली खाडीखालून मोटारींचा बोगदा झाला आणि १९८० साली पाण्याखालून मेट्रोही धावू लागली. आता बोटीला कोण विचारणार? पण लोकांनी बोट सोडली नाही. तिकीट स्वस्त, वारा फुकट आणि समोर उंच इमारतींची रांग! साठेक वर्षांपूर्वी बांधलेल्या बोटी आजही तिथे माणसं ने-आण करतात.

या बोटी ना सर्वांत वेगवान आहेत, ना सर्वांत मोठ्या. छोट्याशा खाडीत सारखी ये-जा करायची, एवढंच त्यांचं काम. त्या कामाला जे हवं तेच त्यांच्यात आहे, आणि म्हणूनच त्या इतकी वर्षं टिकल्या. तुमच्या गावात नदी ओलांडायची तर असेल, लाँच असेल, नाही तर साधी होडी असेल. पुढच्या वेळी तिच्यात बसाल तेव्हा नीट बघा, तिचा आकार तिच्या कामाला कसा जुळतो ते. कळलं नाही, तर बोट चालवणाऱ्या तांडेलकाकांना विचारा. त्यांना नक्की ठाऊक असेल!