सिरुसेरीची गणितशाळा

चेन्नईहून महाबलीपुरमला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर सिरुसेरी लागतं. नाव ऐकलेलं असतं ते तिथल्या आयटी पार्कमुळे आणि टीसीएसच्या अवाढव्य संकुलामुळे. नोकरीसाठी तिकडे गेलेली मराठी मुलं कमी नाहीत. त्याच पार्कात चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे, आणि बारावीनंतर तिथे शिकायला जाता येतं, हे मात्र आपल्याकडे फार थोड्या घरांत ठाऊक असतं.

संस्था उभी केली सी. एस. शेषाद्री यांनी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांची उमेदीची वर्षं गेली. 1965चं नरसिंहन-शेषाद्री प्रमेय तिथलंच. 1989 मध्ये त्यांनी चेन्नईत, स्पिक या खत कंपनीच्या पैशावर, गणिताचा छोटा विभाग सुरू केला. खताच्या नफ्यावर शुद्ध गणित पोसलं गेल्याचं उदाहरण आपल्या देशात दुसरं शोधावंच लागेल.

शेषाद्रींचं दुखणं एकच होतं: संशोधन करणारे पदवीच्या मुलांना शिकवत नाहीत, आणि शिकवणाऱ्यांना संशोधनाला सवड नसते. म्हणून 1998 मध्ये त्यांनी गणित आणि संगणकशास्त्राची बी.एस्सी. काढली. पदवी द्यायचा अधिकारच नव्हता, तेव्हा ती भोपाळच्या भोज मुक्त विद्यापीठाकडून मिळे. पॅरिसच्या इकोल नॉर्मालशी देवाणघेवाण करणाऱ्या संस्थेची पदवी मुक्त विद्यापीठाची! सिरुसेरीची इमारत 2005 मध्ये झाली, अभिमत विद्यापीठाचा दर्जा 2006 मध्ये आला. पुढे 2011 पासून दहा वर्षं संचालक होते राजीव करंदीकर. संभाव्यताशास्त्रातले जाणकार, इंदूरच्या होळकर कॉलेजचे विद्यार्थी. निवडणुकीच्या अंदाजांमुळे टीव्हीवरही दिसलेले.

प्रवेश परीक्षेत दोन भाग असतात. पहिल्यात नुसती उत्तरं, दुसऱ्यात सिद्धता. पहिल्यात ठरावीक गुण मिळाले तरच दुसरा तपासतात. अभ्यासक्रम शाळेतलाच, पण विचारण्याची तऱ्हा वेगळी. समजा, असं विचारलं: सलग पाच पूर्णांकांच्या वर्गांची बेरीज पूर्ण वर्ग कधीच का नसते? 1 ते 5 घेतले तर 55, 2 ते 6 घेतले तर 90. अशी शंभर उदाहरणं करून भागत नाही. मधली संख्या ‘न’ मानली की बेरीज येते 5(न²+2). ती पूर्ण वर्ग असेल तर तिला 25ने भाग जायला हवा, म्हणजे न²+2 ला 5ने. मग न²चा शेवटचा अंक 3 किंवा 8 असायला हवा, आणि असा वर्ग नसतोच. संपलं. सूत्र पाठ करून हे येत नाही, आणि आपले क्लास नेमकं तेच शिकवतात.

इथे येणारं प्रत्येक पोर गणितज्ञ होत नाही. संगणकशास्त्राकडे, विदाविज्ञानाकडे वळणारे बरेच. त्यात वावगं काही नाही. पार्कातल्या शेजाऱ्यांनाही माणसं लागतातच.

जुन्या प्रश्नपत्रिका संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. क्लासची फी भरण्याआधी त्यातली एक अकरावीतल्या मुलापुढे ठेवून बघा.