गडावरून पाहुणे आले, आता पंगत कशी मांडायची?

समजा, मे महिन्यातली दुपार आहे. तुमचे मित्र सुमारे ३,५०० फूट उंचीचा तिकोणा गड उतरून पायथ्याच्या तिकोणा पेठेत तुमच्या घरी आलेत. टेबल सजवत बसू नका! आधी गूळ-पाणी द्या, तेही माठातलं. माठातून झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना ती उष्णता घेऊन जाते, म्हणून आतलं पाणी गार राहतं.

मग ओसरीच्या सावलीत चटया टाका, पत्रावळी मांडा. वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजवीकडे भाजी, आमटीचा द्रोण. हाताशी पन्हं आणि करवंदं. मांडी घालता येत नसेल त्यांच्यासाठी खुर्ची ठेवाच. पाहुण्यांना काही मागावं लागलं नाही, की समजा पंगत सजली!