लाकडी होडी आणि परकराच्या कळ्या

"अहो वहिनी, घरात सुतारकाम काढलंत की काय?" दिवाळीनंतर समोरच्या क्वार्टरमधल्या ताई मला सारख्या विचारायच्या. मी हसून वेळ मारून न्यायची. पन्नाशी उलटलेली बाई दुपारची झोप सोडून खेळण्यातली होडी करते आहे, हे सांगायची माझी मलाच लाज वाटत होती. पण आता ती होडी तयार झाली, पाण्यावर तरंगली आणि दुसरीचं काम अर्ध्यावर आलं. तेव्हा मैत्रिणींनो, सगळं पहिल्यापासून सांगूनच टाकते.

आम्ही दीपनगरला राहतो. भुसावळजवळच्या औष्णिक वीजकेंद्राची ही वसाहत. आमचे 'हे' इथे टर्बाइनच्या देखभालीवर फिटर होते. गेल्या सप्टेंबरात निवृत्त झाले. तेहतीस वर्षं पाळ्या केलेला माणूस, त्यांना घरी बसणं ठाऊकच नव्हतं. पहाटे पाळीच्या वेळेला जाग यायची, चहा व्हायचा, आणि मग ओट्यावर खुर्ची टाकून चिमणीच्या धुराकडे बघत बसायचे. क्वार्टर मार्चअखेर सोडायचं आहे. जळगावला दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन ठेवलाय, पण तिथल्या सामानाचा विषय काढला की "बघू" एवढंच उत्तर. मुलगी पुण्याला. घरात आम्ही दोघंच, आणि दिवसाकाठी दहा वाक्यंही होत नव्हती.

दिवाळीला मुलगी आली आणि आम्हाला अजिंठ्याला घेऊन गेली. जळगावहून अजिंठा साठ किलोमीटर. आपल्याकडे पाहुणे आले की दाखवायला नेतो आणि स्वतः मात्र नीट बघत नाही. या खेपेला तिनं आम्हाला भिंतीवरचं जहाज दाखवलं. पाचव्या शतकातलं चित्र, तीन डोलकाठ्यांचं शिडाचं जहाज. आणि सांगितलं की या चित्रावरून आपल्या नौदलानं खरंखुरं जहाज बांधून घेतलंय, 'कौंडिण्य' त्याचं नाव. गोव्याच्या दिवाडी बेटावर केरळच्या कारागिरांनी ते बांधलं, खिळे न ठोकता, फळ्या काथ्याच्या दोरीनं एकमेकींना शिवून! सांध्यांत नारळाचा काथ्या आणि राळ भरली. मे २०२५ मध्ये कारवारला ते नौदलात दाखल झालं. जुने नकाशे तर कुठेच नव्हते, होतं ते फक्त चित्र. म्हणून आधी छोटी प्रतिकृती करून आयआयटी मद्रासमध्ये पाण्यात तपासली आणि मग मोठ्याला हात घातला.

जहाज शिवतात हे ऐकल्यावर माझे कान टवकारले. शिवण तर मला येते. घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, "आपण एक करू या." हे म्हणाले, "कर." म्हणजे तू कर, मी बघतो.

मला अर्थात अजिंठ्याचंच जहाज करायचं होतं. फर्निचरवाल्याकडचे सुतारमामा म्हणाले, "ताई, आधी साधी नाव करा. चांगदेवला संगमावर असते तशी." त्यांचं ऐकलं ते बरं झालं. लाकूडही त्यांनीच सुचवलं. मी सागवान मागत होते. मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून पाण्यावर आहे, असं मी कुठंसं वाचलं होतं. पण नवशिक्या हाताला सागवान कठीण, शिवाय त्यात तेल असतं, गोंद नीट धरत नाही. यंत्रांच्या खोक्यांचं पाईन मऊ आणि हलकं. भंगारवाल्याकडे त्याच्या फळ्या मिळाल्या. गाठी नसलेल्या निवडून घ्याव्यात. गाठीवर पटाशी अडकते आणि हात घसरतो.

आता कृती सांगते. होडी कोरून काढायची म्हटलं की आपल्याला वाटतं, एक ओंडका घ्यायचा आणि पोखरत बसायचं. ते कष्टाचं काम. सोपी रीत थरांची. दोन सेंटिमीटर जाडीच्या तीन फळ्या, चाळीस सेंटिमीटर लांब आणि बारा रुंद. सगळ्यात वरची फळी होडीच्या पूर्ण आकाराची, मधली थोडी लहान, खालची आणखी लहान. वरच्या दोन फळ्यांची आतली पोकळी चिकटवण्याआधीच बारीक करवतीनं कापून काढायची, म्हणजे पोखरायला फारसं उरत नाही. मात्र प्रत्येक पोकळी खालच्या फळीच्या कडेपासून बोटभर आत राहिली पाहिजे. नाहीतर बाहेरच्या पायऱ्या तासून गोल करताना भोक पडतं.

दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात, इथे मी घाबरले होते. मग लक्षात आलं की ब्लाऊजची पाठ आपण कशी बेततो? कागद मधोमध दुमडायचा, अर्धाच आकार काढायचा आणि कापायचा. होडीलाही तेच लागू. जुन्या काळी युरोप-अमेरिकेतले जहाज बांधणारे लोकसुद्धा आधी लाकडात अर्धंच जहाज कोरायचे आणि त्याची मापं मोठी करून दोन्ही बाजू बांधायचे. दुमडीची रेघ प्रत्येक फळीवर पक्क्या पेन्सिलीनं उतरवून घ्यावी. पुढे सगळी मापं तिच्यावरूनच घ्यायची असतात.

फळ्या कापून झाल्या, गोंद लावला, एकीवर एक ठेवल्या आणि वर पाटा-वरवंटा चढवला. रात्री मोठ्या आनंदात झोपले. सकाळी बघते तर ओल्या गोंदावरून मधली फळी अर्धा बोट सरकलेली! तशीच वाळलेली! रेघ एकीकडे, होडी दुसरीकडे. मी रडकुंडीला आले. हे ओट्यावरून उठून आत आले, होडी हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "अगं, डॉवेल पिन मारायला हवी होती." मग त्यांनी मला दोन भाग जुळवताना आधी दोन भोकं पाडून पिना कशा बसवतात, म्हणजे नट आवळताना भाग हलत नाहीत, हे टर्बाइनपासून सुरुवात करून तासभर समजावलं. भाजी करपली. मी मधे बोलले नाही.

दुसऱ्या खेपेला फळ्या कोरड्याच जुळवून दोन भोकं पाडली, उदबत्तीच्या जाड काड्या पिना म्हणून बसवल्या आणि मग गोंद लावला. गोंदही बघून घ्यावा. साधा पांढरा गोंद कपाटाला ठीक, पण होडीला पाणी सोसणारा हवा, तो निराळा मागावा लागतो.

त्या दिवसापासून हे कामात आले आणि आमची भांडणं सुरू झाली. ह्यांचा हात लोखंडावर बसलेला. व्हर्नियर घेऊन लाकूड मोजायचे आणि मिलिमीटरभर फरक दिसला की फळी बाजूला. मी म्हणायची, लाकूड म्हणजे लोखंड नव्हे, ते पाणी पितं आणि सुकतं. त्यांना पटेना. शेवटी मापात बसवलेली एक फळी त्यांनी दुपारी गच्चीवर उन्हात विसरली. संध्याकाळी ती पापडासारखी वाकली होती. तेव्हापासून व्हर्नियर पेटीत आहे.

बाहेरून गोल करताना पटाशीपेक्षा कानस बरी, आणि शेवटी पॉलिश पेपर, आधी जाड मग बारीक. पुठ्ठ्याचे अर्धगोल साचे कापून ते एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे लावून पाहावेत. डोळा फसतो, साचा फसत नाही. वर वार्निशचे तीन हात, प्रत्येक हात वाळला की हलका पेपर मारून पुढचा. कुणी अळशीचं तेल वापरतं. तेही छान दिसतं, पण त्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, त्यात आपला खानदेशचा उन्हाळा! दोरीवर पसरून वाळवावीत.

संक्रांतीला होडी कपड्याच्या टबात सोडली. तरंगली, पण डावीकडे कलून. एका बाजूची भिंत जाड राहिली होती. ह्यांनी जुना डबा आणला, त्यातले लहानमोठे नट एकेक करून तळाशी ठेवत गेले आणि होडी सरळ झाली. वजन जितकं खाली तितकं बरं, वर ठेवलं तर होडी उलटते. मग ते नट तिथेच चिकटवून टाकले. काही जण शिसं वितळवून ओततात. पण ते स्वयंपाकघरात आणि आपल्या भांड्यात कधीही करू नये, त्याची वाफ विषारी. टब पुरतो हेही सांगते. पोरं हतनूरला चला म्हणतील, जाऊ नका.

त्याच सुमारास, २९ डिसेंबर २०२५ ला पोरबंदरहून निघालेलं 'कौंडिण्य' जानेवारीत मस्कतला पोचल्याची बातमी आली. हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "आता दुसरी करू."

दुसरी मात्र खरी कसोटी आहे. तिला आधी कणा, त्यावर प्लायवूडच्या बरगड्या आणि मग बाहेरून पातळ पट्ट्या. पट्ट्या अर्धा तास पाण्यात भिजवून गरम पातेल्याभोवती वळवतो, चिमटे लावून वाळवतो आणि वाळल्यावरच चिकटवतो. ओली चिकटवली तर नंतर आकसून फटी पडतात. पहिल्या चार पट्ट्या छान बसल्या, पुढच्या टोकाला एकमेकींवर चढायला लागल्या. ह्यांनी दोन दिवस डोकं लावलं. मी पाहिलं आणि हसायलाच आलं. अहो, हा तर कळ्यांचा परकर! घेराला रुंद आणि कमरेला निमुळत्या. होडी मधे रुंद, टोकांना अरुंद, तर पट्टीसुद्धा दोन्ही टोकांना निमुळती कापायला नको का? बरगडीचा घेर दोऱ्यानं मोजला, पट्ट्यांच्या संख्येनं भागला, टोकाकडचा घेरही तसाच भागला. माप मिळालं. ह्यांनी ते वहीत लिहून घेतलं, माझ्या नावानं.

पण कणा वाकायला लागला तो दोष माझा. मी एकाच बाजूच्या पट्ट्या भराभर लावत सुटले होते. हे म्हणाले, "फ्लँजचे नट समोरासमोर आवळतात. एक इकडे, एक तिकडे. नाहीतर ताण एका बाजूला जातो." डावीकडच्या दोन पट्ट्या सोडवून पुन्हा लावल्या, कणा सरळ झाला.

शिडाला माझ्या जुन्या मलमलच्या साडीचा पदर बाजूला काढून ठेवलाय, चहाच्या पाण्यात बुडवून. दोऱ्याला मेणबत्ती घासली की तो पिंजत नाही.

काल टेम्पोवाल्याशी बोलणं झालं. सामानाच्या यादीत ह्यांनी पहिलं नाव होडीचं लिहिलंय, ती मांडीवर घेऊन बसायची म्हणे. जळगावच्या फ्लॅटमध्ये गॅलरीला उन्हाचा पडदा लावायला परवा स्वतः जाऊन आले. कामाचं टेबल तिथे बसेल का, हेही मोजून आले.

दुसऱ्या होडीच्या उजवीकडे अकरा पट्ट्या बसल्यात, डावीकडे दहा. आज दुपारी हे झोपले नाहीत तर बरोबरी होईल.